लाल टिकलीला वेगळा गट द्या

मा. संपादक,
स. न.

पिस्तुलावर ‘रेड डॉट’, म्हणजे नेम धरायला लाल टिकली दाखवणारी काच, लावणं ही लबाडी, पैलवानानं अंगाला तेल चोपडून आखाड्यात उतरण्यासारखी, असं गेल्या आठवड्यात एका वाचकानं आपल्याकडं लिहिलं होतं. उपमा अस्सल कोल्हापूरची, त्यामुळं हसू आलं. पटली मात्र नाही.

मी ५६ वर्षांचा. शिवाजी उद्यमनगरात मिलिंग मशीनवर हयात गेली, एअर पिस्तुलाची हौस उशिरा लागली. नेम धरताना नजर पुढच्या साइटवर, म्हणजे माशीवर ठेवायची आणि काळं वर्तुळ पुसट दिसलं तरी चालवून घ्यायचं, हा पहिला धडा. हात ताणला की ती माशी डोळ्यापासून पाऊण मीटरवर येते. चाळिशी लागलेल्या डोळ्याला नेमकं तेच अंतर अवघड. चष्म्याचे तीन नंबर बदलून झाले. माशी दिसली की वर्तुळ गायब, वर्तुळ दिसलं की माशीचा कापूस.

डॉटमध्ये हे भांडणच मिटतं. लेसरसारखा ठिपका कागदावर पडतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही होत नाही. आतल्या एलईडीचा उजेड वक्र काचेवरून डोळ्याकडं परततो आणि लाल टिकली लांब, लक्ष्यापाशी असल्यासारखी दिसते. नजर एकाच ठिकाणी ठेवायची. (डोळ्यात तिरपा नंबर असेल तर टिकलीचा धूमकेतू दिसतो, तेवढं विकत घेण्याआधी बघून घ्यावं.)

बसवण्याचं काम मात्र वाटतं तितकं सोपं नाही. माझ्या पिस्तुलाच्या माथ्यावर ११ मिलिमीटरचं डव्हटेल (साइट अडकवायची तिरप्या कडांची पट्टी), डॉटचा पाया रुंद रेलचा. मधली प्लेट बाजारात मिळते, पण उद्यमनगरात राहून प्लेट विकत आणायची? ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून दोन संध्याकाळी काढली. पहिल्याच रविवारी चाळीसेक छर्रे झाल्यावर कागदावरची भोकं उजवीकडं सरकायला लागली. मी मनगटाला शिव्या घालतोय आणि ढिला झाला होता स्क्रू! स्प्रिंगच्या पिस्तुलाचा झटका आधी मागं आणि मग पुढं बसतो, त्यात आट्यांत मशीनचं तेल राहिलेलं. थिनरनं पुसून लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावला, तेव्हा प्लेट जागेवर बसली. पुढची गंमत घरात. १० मीटरला जुळवलेलं पिस्तूल माळ्यावर ५ मीटरला दीडएक सेंटीमीटर खाली मारायला लागलं. टिकली नळीच्या चार सेंटीमीटर वर बसलेली, दुसरं काय होणार!

आता तेलाच्या आरोपाविषयी. टिकली हात स्थिर करत नाही, उलट थरथर उघडी पाडते. एअर पिस्तुलाच्या कागदावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. माझी तीन मिनिटांची (ही मिनिटं घड्याळाची नव्हेत, कोनाची; अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट) टिकली तिथं पावणेनऊ मिलिमीटर जागा व्यापते आणि त्या वर्तुळावर माशीसारखीच घोंगावते. ती मधून जाताना ‘आत्ता!’ म्हणून ट्रिगर हिसकला की छर्रा सातात गेलाच म्हणून समजा.

बाहेरगावच्या एका स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर मला डॉट उतरवायला लावला. राग आला, पण पंच बरोबर होते. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, पिस्तूल प्रकारांत उघड्या, बिनकाचेच्या साइटच चालतात. आपल्या राही सरनोबत यांचं २०१८ च्या आशियाई स्पर्धेतलं २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्णपदकही तसल्याच साइटवरचं. तो नियम बदला, असं मी म्हणत नाही. पण आयपीएससी या पळत-फिरत करायच्या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत डॉटवाल्यांसाठी ‘प्रॉडक्शन ऑप्टिक्स’ असा वेगळा विभाग आहे. अमेरिकेत बुल्सआय, म्हणजे गोल लक्ष्याच्या कागदावरच्या पिस्तूल नेमबाजीत डॉट सर्रास चालतो. मग आपल्या क्लबांच्या पावसाळी स्पर्धांत पंचेचाळिशीपुढच्यांसाठी डॉटचा एक गट ठेवायला काय हरकत आहे? गुण वेगळे लिहा, पदक नसलं तरी चालेल.

माझ्या ओळखीच्या चौघांनी डोळ्यांपायी पिस्तूल कपाटात ठेवलंय. त्यांच्या प्लेटांचं मिलिंग मी फुकट करून देतो, ॲल्युमिनियम तेवढं ज्याचं त्यानं आणावं.

आपला,
एक हौशी नेमबाज
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर