जैसलमेरजवळच्या खुरी गावच्या उंटवाल्या काकांना

काका, राम राम.

तुम्हाला मराठी येत नाही. पण आईचं म्हणणं, "मनातलं आहे ना, मग मराठीतच लिही." तुमचा धाकटा फोनवर काहीतरी खटपट करून वाचून दाखवेलच.

तुमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी एका तंबूवाल्याने 'वाळवंट आणि वन्यजीव' म्हणून भरपूर पैसे घेतले आणि जीपमधून वाळूच्या टेकड्यांवर हाडं खिळखिळी करून परत आणून सोडलं. वन्यजीव म्हणाल तर लांब बसलेलं एक गिधाड. त्याच्याकडे बोट करून ड्रायव्हर म्हणाला, "वो देखो, गोडावण!" आई सोलापूरची, नान्नजच्या माळावर माळढोक बघितलेली बाई. तुमचा गोडावण म्हणजे आमचा माळढोकच की. ती एवढंच म्हणाली, "मान पांढरी असते रे बाळा त्याची." मग टेकडी चढायची वेळ आली तेव्हा तिच्या गुडघ्यांकडे बघून हुकूम सुटला, "माताजी नीचे बैठेंगी." माताजी बसल्या. रात्री डीजे.

दुसऱ्या दिवशी गुडघे तुम्हीही पाहिलेत, काका. बोलला काहीच नाहीत. उंट वळसा घालून टेकडीच्या मागल्या अंगाला नेलात. "हवा इधर से आती है, रेत पक्की है. उस तरफ तो धँस जाएँगे." शेवटचा चढ मात्र भुसभुशीतच होता. तिथे तुम्ही जुती काढून पुढे झालात आणि टाच रोवून, वाळू दाबून एक पायरी केलीत. आईने पाय ठेवला की पुढची. वाळू घसरली की पुन्हा तीच. ना "जल्दी", ना "सँभल के". आई निवृत्त शिक्षिका, मोजल्याशिवाय राहते कुठे! एकेचाळीस पायऱ्या.

वर तुम्ही दाखवलेले ठसे ती अजून कागदावर काढून दाखवते सगळ्यांना. भुंगेऱ्याचा, अगदी धावदोरा घातल्यासारखा. खोकडाची पावलं, एका रेषेत. खाली कडक जमिनीवर सांड्याचं, त्या काटेरी शेपटीच्या सरड्याचं, बीळ होतं, तोंड मातीने बुजवलेलं. थंडीभर तो आत झोपतो म्हणालात, "कुंडी लगा के सोया है. होली पे खोलेगा." आणि उंटाचा पाय त्यावर पडू नये म्हणून दोरी आखडून धरलीत. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला याच प्राण्याचं तेल बाटलीतून विकतात, ते सांगायची लाज वाटली मला.

गोडावण दिसला नाही. "दिखा दूँगा" असं तुम्ही एकदाही म्हणाला नव्हतात. क्षितिजावरच्या विजेच्या तारा दाखवल्यात फक्त. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, तार दिसेपर्यंत वळायला उशीर झालेला असतो. दीडशेही उरले नसतील आता. त्यावर आई बराच वेळ गप्प होती. नान्नजला तरी आता कुठे दिसतो!

पैसे ठरले तेवढेच घेतलेत, त्याबद्दल वेगळं काय लिहू. तुमच्यासारख्या माणसांना चांगुलपणा दाखवायचा असतो हेच मुळी माहीत नसतं. आम्ही शहरातले त्याचाही फोटो काढतो.

बाकी आईचे गुडघे तसेच आहेत. परवा होळी झाली. पुरणपोळी लाटता लाटता विचारत होती, "त्याने दार उघडलं असेल का रे?"

जाऊन बघा एकदा, आणि कळवा.