एकच झाड, वर्षभर

फुललेल्या बहाव्याचे फोटो वैशाखात मोबाइलभर फिरतात. पानगळीतल्या बहाव्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. पांडवलेणीच्या पायथ्याच्या वनोद्यानात मी दर रविवारी एकाच काटेसावरीचा, एकाच दगडावर उभा राहून फोटो काढतो. माघात निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुले आणि त्यांवरून मैनांची भांडणे. वैशाखात बोंडे तडकली की कापूस थेट लेन्सवर! जवळच ज्यांचे स्मारक आहे, त्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच रोज टिपून पडद्यावर दाखवली होती. शहरातल्या उद्यानांत निवडक झाडांसमोर मोबाइल टेकवण्यापुरता एकेक दगडी खांब उभारावा. त्यावर शुभेच्छांचे फलक तेवढे लावू नयेत.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक