‘ट्रान्झिट’ म्हणजे केवळ वाहतूक नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अलीकडे वृत्तपत्रांतून ‘ट्रान्झिट’ या इंग्रजी शब्दासाठी सरसकट ‘वाहतूक’ असे छापलेले दिसते आणि ते खटकते. हा शब्द लॅटिनमधील ‘ट्रान्सिरे’ या क्रियापदावरून आला असून त्यात ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘इरे’ म्हणजे जाणे असे दोन भाग आहेत; त्यामुळे वाहून नेणे नव्हे, तर ओलांडून जाणे हा त्याचा मूळ अर्थ होय. ६ जून २०१२ रोजी शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकला, त्यालाही इंग्रजीत ट्रान्झिटच म्हणतात, आणि आपल्याकडे त्यासाठी ‘अधिक्रमण’ हा नेमका शब्द आहे. सकर्मक क्रियापदाचे इंग्रजी नाव ‘ट्रान्झिटिव्ह’ हेही याच मुळाचे.

मला अधिक मोलाचे वाटते ते वेगळेच. ‘इरे’ आणि संस्कृत ‘एति’ (जातो) यांचा मूळ धातू एकच आहे, आणि ‘ट्रान्स’चे नाते भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘तिरस्’ (पलीकडे) व ‘तृ’ (तरून जाणे) यांच्याशी जोडतात. नदीवरची आपली ‘तर’, म्हणजे पैलतीरी नेणारी नाव, याच ‘तृ’ची. गोव्यात रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीची लोखंडी फळी धक्क्याला टेकते आणि दुचाकीस्वार पैलतीरी उतरतात, तेव्हा या शब्दाचा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रतिशब्द संदर्भ पाहून योजावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चोडण (गोवा)