साहेब, बॉल उडवू नका, चालवा

दादा, सप्रेम नमस्कार.

स्कॉटलंडहून परत आल्यावर तुम्हाला फोन केला, तर "बरं झालं साहेब, सुखरूप आलात" एवढं म्हणून तुम्ही कुणाची तरी बॅग उचलायला गेलात. माझं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून आता चारचौघांत लिहितो. येरवड्याला गोल्फ खेळणारं कुणी ना कुणी तुमच्यापर्यंत पोचवेलच.

स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज गावातल्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर एकट्या माणसाला खेळायचं असेल, तर आदल्या दिवशी स्वतः जाऊन सोडतीत नाव घालावं लागतं. दोघा-तिघांच्या गटात जागा उरली असेल तिथे तुम्हाला बसवतात. रविवारी तर खेळच बंद. गावातली माणसं त्याच गवतावर कुत्री फिरवतात. सोमवारी नाव घातलं, हुकलं. मंगळवारीही हुकलं. घरांच्या सोडतीत दोनदा हुकलेला माणूस मी, सवय होती. तिसऱ्यांदा मात्र लागलं. एका राउंडचे तीनशेहून जास्त पौंड. बायकोला अजून रुपयांत सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागेवर, उभा राहिलो. समोर पहिला आणि अठरावा फेअरवे, म्हणजे कापल्या गवताचे पट्टे, एकमेकांना चिकटलेले, मध्ये झाड नाही की झुडूप नाही. आख्खी वरात वळवता येईल एवढी रुंदी. तरी पाय लटपटत होते. बॉलच्या डोक्यावर फटका बसला. आपल्याकडे जुलैत असा बॉल दहा पावलांवर चिखलात रुततो. तिथे तो सुटला तो सुटलाच, शंभर यार्ड सहज गेला असेल. तेव्हाच तुमची आठवण यायला हवी होती. आली नाही.

ती जमीन समुद्राकाठची, वाळूची. पाणी ठरतच नाही, गवत बारीक आणि खाली टणक. वर वारा असा की उंच मारलेला बॉल कुठे उतरेल त्याचा नेम नाही. होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ, म्हणजे ग्रीन, तर एवढाली की चौदा होलना मिळून सातच. दुसरा आणि सोळावा एका ग्रीनवर, तिसरा आणि पंधरावा एका, असं. तुम्हाला आकडे आवडतात म्हणून सांगतो: जोडीची बेरीज दर वेळी 18 येते.

आणि मी काय केलं? तुम्ही नको म्हणत असताना घेतलेली ती महागडी लॉब वेज, बॉल उंच उडवायची काठी, काढून तेरा होल बॉल आभाळात उडवत बसलो. एकदा वाऱ्याने मागे आणला, दोनदा ग्रीनवर टप्पा पडून पलीकडे गेला. चौदाव्यावर 'हेल' नावाचा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आहे. समोर माणूसभर उंच भिंत. तीन फटके आत घालवले आणि शेवटी आडवा मारून बाहेर पडलो.

सतराव्याला, 'रोड होल'ला, टीवरून हॉटेलच्या कोपऱ्यावरून आंधळा फटका मारायचा असतो. कसाबसा दोन फटक्यांत ग्रीनच्या अलीकडे, उजव्या अंगाला पोचलो. चाळीसेक यार्ड उरले होते. डावीकडे खोल बंकर, ग्रीनच्या मागे खरोखरचा डांबरी रस्ता आणि त्यापलीकडे दगडी भिंत. तिथल्या कॅडीने, म्हणजे तुमच्यासारखीच बॅग उचलणाऱ्याने, वेज पुढे केली. कानात तुमचा आवाज आला: "साहेब, बॉल उडवू नका, चालवा."

मी बॉल खालून चालवायला सात नंबरची काठी मागितली. कॅडीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने दिली.

एप्रिलच्या उन्हात, जमीन तापून पाटीसारखी झालेली असताना, तुम्ही दोन विटा वीतभर अंतरावर ठेवायचात आणि त्यांच्यामधून बॉल घालवायला लावायचात. मी कंटाळायचो. हे काय लहान मुलांचं, असं एकदा बोललोही होतो. त्या दिवशी समोर विटा नव्हत्या, पण मला दिसल्या. बॉल मागच्या पायाशी, हात पुढे, मनगट घट्ट. बॉल गुडघ्याएवढाही उडाला नाही. चढाच्या पायथ्याशी टेकला, चढ चढला, उताराने डावीकडे वळला आणि झेंड्यापासून आठ फुटांवर थांबला. कॅडी म्हणाला, हे शिकवलं कुणी? मी म्हटलं, पुण्यात आमचे एक दादा आहेत.

पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, चुकला, ते जाऊ द्या. पाच झाले. त्या होलला पाच म्हणजे माझ्यासारख्याला सणच.

पुढचा होल, स्विल्कन ओढ्यावरचा तो छोटा दगडी पूल, फोटो, सगळं रीतसर झालं. एकूण स्कोअर 103. खेळून झाल्यावर कॅथेड्रलच्या पडक्या भिंतीआड ओल्ड टॉम मॉरिसच्या थडग्यापाशीही जाऊन आलो. जवळजवळ चाळीस वर्षं त्या मैदानाची निगा राखणारा माणूस, अठराव्या होलला त्याचंच नाव आहे. तिथे उभं असताना का कोण जाणे, तुमची ती खाकी टोपी डोळ्यासमोर आली.

दादा, मनापासून आभार. आणि विटांबद्दल जे बोललो होतो त्याची माफी. सतराव्याचा तो बॉल पुढे खेळलोच नाही, खिशात टाकला. तो तुमच्यासाठी आणलाय. लॉब वेज कुणाला हवी असेल तर विचारून ठेवा.

शनिवारी सहाला येतो. विटा आहेत ना अजून?

तुमचा,
बॉल उडवणारा साहेब