बँकॉकमधले नऊ दिवसांचे शाकाहारी व्रत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बँकॉकला येणारी आपली शाकाहारी मंडळी बॅगेत ठेपले, खाकरे आणि चिवडा भरून आणतात. एरवी ते रास्तच आहे, इथे साध्या भाजीतही फिश सॉस पडतो. पण चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस त्याला अपवाद असतात, आणि हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

इथले चिनी वंशाचे थाई लोक या दिवसांत ‘किन जे’ पाळतात. मांस-मासे, अंडी, दूध सगळे बंद, कांदा-लसूणही वर्ज्य. बरेच जण नऊही दिवस पांढरे कपडे घालतात. हे व्रत नऊ सम्राट देवांचे: आपल्या सप्तर्षींचे सात तारे आणि डोळ्यांना न दिसणारे आणखी दोन. बहुतेक वर्षी ते नेमके आपल्या नवरात्रातच येते. २०२४ मध्ये दोन्हींची सुरुवात ३ ऑक्टोबरलाच झाली. २०२५ मध्ये चिनी पंचांगात अधिक महिना आल्यामुळे ते पुढे सरकून ऐन दिवाळीत, २१ ते २९ ऑक्टोबरला आले.

माझ्या सासूबाई नवरात्रात घट बसतात आणि उठतात त्या दोन दिवशी उपवास करतात आणि मधल्या दिवसांत कांदा-लसणाला शिवत नाहीत. त्यांना मी याओवरात या चिनी वस्तीतल्या रस्त्यावर नेले. दुतर्फा पिवळ्या पताका, त्यांवर लाल अक्षरे. ही खूण दिसली की पदार्थ व्रताचा, हे त्यांना लगेच कळले. एका गाडीवर अळूच्या कंदाचे काप पिठात बुडवून तळत होते; बाहेरून कुरकुरीत, आत पिठूळ. शेजारच्या मोठ्या तव्यावर पिवळ्या नूडल्स, कोबी, गाजर, अळंबी आणि सोया सॉस. सासूबाईंनी दोन्ही मनापासून खाल्ले, वर सोयाबीनचे गरम दूध घेतले. विकणाऱ्या मावशींनी हात जोडले, तसे यांनीही जोडले. मला फार बरे वाटले.

काही गाड्यांवर सोया आणि ग्लुटेनचे ‘बदक’ किंवा ‘मासा’ हुबेहूब मांडलेला असतो. आपल्यातल्या काहींना ते पाहवत नाही. त्यांनी सरळ पुढच्या गाडीवर जावे, खाण्यासारखे पुष्कळ आहे. वात मंगकोन हे मेट्रो स्टेशन अगदी जवळ आहे आणि त्याच नावाच्या जुन्या चिनी मंदिरात या दिवसांत उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरतात, तरी आत जाऊन यावेच. गर्दी संध्याकाळी वाढते, लहान मुले बरोबर असतील तर दुपारी जावे.

सहल कंपन्या आपल्या शाकाहारी मंडळींना रोज त्याच पंजाबी थाळीला नेतात. नवरात्र-दिवाळीच्या सहलीत एक संध्याकाळ याओवरातसाठी ठेवणे त्यांना सहज जमेल. आपल्या पर्यटन पुरवणीतही दरवर्षी या उत्सवाच्या तारखा आधी छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक वाचक, बँकॉक