मनू, व्हेनिसला राहायलाच जा

मनू बाळा,
परवा फोनवर तू विचारलंस व्हेनिस कसं वाटलं, आणि मी नुसतं बरं म्हटलं. पण आता तुम्ही दोघं नोव्हेंबरात तिकडे जायचं म्हणताय म्हणून खरं काय ते लिहिते. मला नाही गं आवडलं.

आमच्या ग्रुपला बसने ट्रॉन्केत्तोला सोडलं, तिथून बोटीने सान मार्कोच्या मोठ्या चौकात, मग गाइड झेंडा धरून पुढे आणि आम्ही मागे, आणि आमच्यासारखे इतके ग्रुप की रियाल्तोच्या पुलावर पाय पुढे टाकता येईना, खालचं पाणी दिसलं ते लोकांच्या मोबाईलमधून. बाबा दमले तर टेकायला जागा नाही, सान मार्कोच्या पायऱ्यांवर बसलं तर दंड. गोंडोलाचे अर्ध्या तासाला ९० युरो आणि अरुंद कालव्यात त्याही एकामागे एक अडकलेल्या.

पण गर्दीपेक्षा मला दुसरंच लागलं. रियाल्तोजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत आकड्यांची पाटी आहे, जुन्या शहरात आता किती माणसं राहतात त्याची. १९५१ ला पावणेदोन लाखाच्या आसपास होती, आता ५०,००० पण नाहीत!! घरं टुरिस्टना भाड्याने जातात, तिथल्याच पोरांना परवडत नाहीत, मग ती पूल ओलांडून पलीकडे जमिनीवरच्या मेस्त्रेला राहायला जातात. कुणाच्या खिडकीत वाळत घातलेले कपडे दिसले की मी थांबून बघायचे, म्हटलं इथे कोणीतरी राहतंय अजून. २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून कमीत कमी ५ युरो घेतात, पण एवढा विमानाचा खर्च करून आलेला माणूस पाच युरोसाठी मागे फिरणार आहे का, तू सांग.

म्हणून तू धावती भेट देऊ नकोस. दोन रात्री तरी रहा, कानारेजिओ भागात बघ, आणि फ्लॅट नको, हॉटेलच घे. दिवसाची माणसं संध्याकाळी परत जातात, तेव्हा बाहेर पड. ग्रँड कॅनॉल बघायला १ नंबरची वापोरेत्तो, म्हणजे तिथली पाण्यातली बस, घे, हळू जाते पण सगळं दिसतं.

आणि नोव्हेंबरात तिकडे पाणी चढतं, २०१९ ला भरतीची पातळी १८७ सेंटिमीटरवर गेली होती. आता मोठी भरती असली की समुद्राकडचे दरवाजे वर करतात, तरी गमबूट ने. जावईबापूंनाही घ्यायला लाव.

आई