कोरियात आई दिवसभर करते काय

प्रिय सई,

परवा फोनवर तू विचारलंस ना की आई तू दिवसभर तिथे करतेस तरी काय, बोअर नाही का होत, आणि मी अगं छान चाललंय म्हणून विषय बदलला, त्याचं कारण बाबा शेजारीच बसले होते आणि मला जे सांगायचं होतं त्यातलं निम्मं त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तर आधी तेच सांगते. मी चिमजिलबांगला जाते. म्हणजे इथलं सार्वजनिक न्हाणीघर आणि त्याला जोडून गरम खोल्यांचा एक मोठा हॉल. कोरियनच्या क्लासमधली माझी व्हिएतनामची मैत्रीण पहिल्यांदा घेऊन गेली, आणि मला वाटलेलं स्विमिंग पूलसारखं काहीतरी असेल, कपड्यांचं काय ते बघू. कसलं काय. बायकांचा भाग पूर्ण वेगळा असतो पण आत अंगावर चिंधी घालायची नाही हा नियमच आहे, आणि तिथे शाळकरी पोरींपासून ऐंशीच्या आज्यांपर्यंत सगळ्या जणी तश्शाच आरामात फिरतायत, गप्पा मारतायत, लेक आईची पाठ घासतेय. मी टॉवेल घट्ट धरून खांबासारखी उभी. बरं टॉवेल पण हातरुमालाएवढा, त्यानं झाकून झाकून काय झाकणार! दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाहीये, ही परदेशी बाई कोण एवढंच एकदा बघून झालं आणि विषय संपला. मग सोडला टॉवेल.

आत आधी स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची, मगच कुंडात उतरायचं, त्यात चालढकल केली तर आज्या ओरडतात. चाळीस डिग्रीच्या आसपासचं गरम पाणी, शेजारी थंडगार पाण्याचं कुंड, यात न् त्यात करत बसायचं. आणि मग घासून घेणं! त्याचे वेगळे पैसे. काळी अंतर्वस्त्रं घातलेली एक दणकट बाई तुला प्लॅस्टिकच्या टेबलावर आडवं करते, हातात हिरवी खरखरीत थैली घालते (या थैलीला इथे इटली टॉवेल म्हणतात पण ती निघाली इथल्याच बुसान शहरात, इटलीचं होतं ते फक्त कापड) आणि डोक्यापासून पायापर्यंत अशी घासते की बास. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आजी उटणं लावून घासायची आठवतंय, रडायचीस तू, तसंच, फक्त हिच्या हातात जोर चौपट. कुशीवर वळायचं असलं की बोलत नाही, मांडीवर एक फट्टकन चापटी. मळाच्या वळ्या निघतात गं अक्षरशः, लाज वाटते, पण ती बाई रोज ढीगभर मळ बघत असणार, तिला काय त्याचं. (नंतर दोन दिवस माझी कातडी तुझ्या लहानपणीच्या गालासारखी होती, एवढंच सांगते.)

मग ते देतात तो टीशर्ट आणि हाफपँट घालून हॉलमध्ये यायचं, तिथे पुरुषबायका पोरंटोरं सगळे एकाच कपड्यात. जमीन खालून गरम, त्यावर पातळ गादी टाकून लोक लोळतायत, टीव्ही चालू, कुणी घोरतोय. बाजूला पिवळ्या मातीची खोली, मिठाची खोली, कोळशाची, आणि तापलं की जायला बर्फाची. टॉवेलची घडी घालून दोन्ही बाजूंना गुंडाळी करून मेंढीच्या शिंगांसारखी टोपी करतात, बाबासुद्धा एकदा घालून बसले होते, फोटो आहे माझ्याकडे पण पाठवू नको म्हणालेत. आणि खाणं ठरलेलं, गरम दगडावर भाजून तपकिरी झालेली अंडी, आणि शिखे म्हणून तांदळाचं गोड थंड पेय असतं ते, वर तांदळाची शितं तरंगतात. अंडं समोरच्याच्या डोक्यावर फोडायची इथे पद्धत आहे. आत जायला बारा-पंधरा हजार वॉन, म्हणजे आपले आठ-नऊशे रुपये धर, त्यात दिवसभर बस. पूर्वी खूप ठिकाणी रात्रभर झोपता यायचं, कोविडनंतर बरीच बंद पडली, आमच्या जवळचं अजून आहे नशिबानं. हां, एक राग आहे माझा. बायकांना टॉवेल मोजून दोन देतात आणि बाबा सांगतात पुरुषांकडे ढीग लावलेला असतो, घ्या कितीही. का तर म्हणे बायका घरी नेतात. इथेसुद्धा!

आता तुला वाटेल ही आई रोज अंघोळीलाच जाते की काय. नाही गं, महिन्यातून कधीतरी. रोजचं म्हणजे चालणं. आम्ही राहतो त्या सुवॉनला जुन्या किल्ल्याचा कोट आहे, चोंगजो राजानं १७९४ ते ९६ मध्ये बांधलेला, युनेस्कोच्या यादीत वगैरे आहे, पण संध्याकाळी तिथे टुरिस्टांपेक्षा गावातलेच लोक जास्त, कोटाच्या कडेनं साडेपाच-पावणेसहा किलोमीटरचा फेरा मारत. आणि सुट्टीच्या दिवशी ग्वांग्योसानचा डोंगर. ५८२ मीटर आहे फक्त, पण इथल्या बायकांचा थाट बघशील तर वाटेल एव्हरेस्टला निघाल्यात. माझ्या वयाच्या, साठीच्या, सत्तरीच्या. भडक गुलाबी जांभळी जॅकेटं, दोन हातात दोन काठ्या, तोंड झाकेल एवढी मोठी टोपी, कोपरापर्यंत बाह्या, पाठीवर सॅक, आणि सॅकमध्ये सोललेल्या काकड्या आणि संत्री जी त्या वाटेत भेटेल त्याला देतात. मला पहिल्यांदा एकीनं काकडी हातात कोंबली तेव्हा मी नको नको करत होते, तिनं ऐकलंच नाही. डोंगरावर काकडीसारखं दुसरं काही नाही, खरंच. उतरल्यावर वाटेच्या तोंडाशी हवेचा पाइप लावलेला असतो, बुटांवरची धूळ उडवायला, फुकट. गेल्या काही वर्षांत अनवाणी चालायचं खूळ आलंय, त्यासाठी लाल मातीच्या वाटा केल्यात आणि शेवटी पाय धुवायला नळ. एवढा विचार करतात.

आणि मग खाली बोरीबाप. नाव ऐकून हसू नकोस. म्हणजे बार्लीचा भात, सोबत सहा-सात उकडलेल्या परतलेल्या पालेभाज्या, गोचुजांगची लाल चटणी आणि तिळाचं तेल, सगळं एका वाडग्यात घालून कालवायचं. ग्वांग्योसानच्या पायथ्याशी या भाताचीच हॉटेलं आहेत ओळीनं आणि माझ्यासारख्या मांस न खाणारीला तिथे खरं पोटभर मिळतं, एरवी इथे प्रत्येक रश्शात काहीतरी असतंच. बाकीच्या मंडळी सोबत माक्कल्ली पितात, तांदळाची पांढरी दारू, पिवळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाडग्यातून. कांद्याच्या पातीचं धिरडं आणि माक्कल्ली, हे डोंगरानंतर आणि पावसात. मी चाखलीय. आंबट ताकासारखी लागते. बाबांना माहितीये, आजीला सांगू नकोस.

मला यात काय आवडतं माहितीये का. इथे नुसतं बसायची, हिंडायची पण एक नीट व्यवस्था आहे, त्याची जागा ठरलेली, कपडे ठरलेले, खाणं ठरलेलं, आणि बाई एकटी मजा करताना दिसली तर तिला कुणी जाब विचारत नाही. आपल्याकडे मी गॅलरीत नुसती बसले तरी आजी विचारायच्या काय गं बरं नाही का, आणि मी लगेच उठून मेथी निवडायला घ्यायची. बरं हे लोक आळशी आहेत असं पण नाही, उलट कामाच्या बाबतीत वेडेच. बाबांच्या ऑफिसातले जुने लोक सांगतात शनिवारी काम असायचंच, पाच दिवसांचा आठवडा २००४ पासून हळूहळू आला, शाळांना सगळे शनिवार सुट्टी तर २०१२ पासून, आणि आठवड्याला ५२ तासांची मर्यादा २०१८ मध्ये. म्हणजे सुट्टी हे यांच्यासाठी नवीनच आहे म्हणायची, म्हणूनच कदाचित एवढी मन लावून घालवतात. पण सगळं गुलाबी नाही हां. क्लासनंतर रात्री दहाला घरी येणारी पोरं बघितली की वाईट वाटतं, त्यांच्या वाटणीला यातलं काय येतं देव जाणे.

त्या पोरांना मी बघते ते कॉइन नोरेबांगमध्ये. टेलिफोन बूथपेक्षा जरा मोठी खोली, माइक, स्क्रीन, हजार वॉनला तीन-चार गाणी. ही नोरेबांगं १९९१ च्या सुमाराला बुसानकडून सुरू झाली आणि देशभर पसरली. शाळेच्या युनिफॉर्ममधली एकेकटी मुलं दप्तर खाली ठेवून दहा मिनिटं जीव तोडून गातात आणि निघून जातात. गाणं संपलं की मशीन मार्क देतं, आणि माझा अंदाज आहे की आवाज मोठा असला की मार्क जास्त, सूर गेला उडत. मराठी गाणी नसतात अर्थात. मी मोबाइलवर लावते आणि माइक धरून अभंग म्हणते, मग शेजारच्या बूथमधल्यांना काय वाटायचं ते वाटू दे. मार्क मात्र मिळत नाहीत.

बेसबॉलला पण गेलो आम्ही. तुला माहितीये मला क्रिकेट कळायला पंधरा वर्षं लागली, त्यामुळे हा खेळ कळेल अशी अपेक्षाच नव्हती, पण इथे खेळ कळायची गरज नाही, गाणी म्हणायला आलं की झालं. प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं, तो बॅटिंगला आला की अख्खं स्टँड उभं राहून म्हणणार, समोर ढोल आणि एक माणूस कवायतीसारखे हात करणार. सुवॉनच्या टीमचं नाव केटी विझ, २०२१ ला चॅम्पियन झाली होती. उन्हाळ्यात काही मॅचेसना पाण्याचे फवारे मारतात प्रेक्षकांवर, रेनकोट घालून बसायचं. तळलेलं चिकन आणि बियर हे तिथलं ठरलेलं खाणं, बाहेरून नेलं तरी चालतं, मी डब्यात थालीपीठ नेलं होतं. शेजारच्या बाईनं मागून घेतलं. २०२४ च्या सीझनला एक कोटीच्या वर प्रेक्षक आले म्हणे देशभरात, पाच कोटींचा तर देश आहे.

हान नदीवर आम्ही कमी जातो, सोलला जायचं म्हणजे तास जातो ट्रेनमध्ये. पण तू आलीस की योईदोच्या बागेत नेणारच. चटई भाड्यानं मिळते, छोटा तंबू लावता येतो ठरलेल्या जागी, फक्त दोन बाजू उघड्या ठेवायच्या असा नियम आहे, का ते तुझं तू समजून घे. दुकानातून राम्यनचं पाकीट आणि फॉइलचा वाडगा घ्यायचा, मशीनवर ठेवायचा, ते आपोआप पाणी सोडून उकळून देतं. घरी तेच नूडल्स मी केले तर बाबा नाक मुरडतात आणि नदीवर दोन वाडगे खातात.

अजून एक राहिलं. आमच्या सोसायटीत ज्येष्ठांची खोली आहे, तिथे वरच्या मजल्यावरच्या हालमोनी, म्हणजे आजी, मला पत्ते शिकवतायत. ह्वातू म्हणतात, छोटे जाड पत्ते, ४८, बारा महिन्यांचे चार चार, जानेवारीला पाइन, मार्चला चेरी, ऑगस्टला चंद्र. खाली ब्लँकेट पसरून त्यावर पत्ता असा चटकन आपटायचा की आवाज आला पाहिजे, नाहीतर त्या म्हणतात परत टाक. पॉइंटला दहा वॉन लावतात, साठ-सत्तर पैसे धर, आणि त्या साठ पैशांसाठी नव्वदीच्या बाई अशा भांडतात की ऐकत राहावं. भाषा मी क्लासपेक्षा तिथेच जास्त शिकले. काही शब्द क्लासमध्ये म्हणून दाखवले तर मास्तरीणबाई लाल झाल्या.

तर तू ऑक्टोबरच्या शेवटी येतेयस ते बरंय, झाडं लाल झालेली असतील, बेसबॉल मात्र संपत आलेला असेल, तिकीट मिळणं कठीण. डोंगरावर चालायचे बूट तुझेच आण, इथे माझ्या मापाचे तुला होणार नाहीत. गोडा मसाला अर्धा किलो, कुळथाचं पीठ, जाडे पोहे, आणि हालमोनींसाठी एखादी छान इरकली उशी-खोळ, गडद रंगाची. आणि स्विमिंग कॉस्च्युम आणू का म्हणून विचारत होतीस ना, नको आणूस, इथे लागणार नाही.

तुझी,
आई